गोड्या पाण्याची घागर

माझ्या सासूला आम्ही घरात आत्याबाई म्हणायचो आणि गाव मनकर्णाबाई नारूवाली म्हणायचं. गावानं दिलेलं नाव तिला जास्त आवडायचं, हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

नारू म्हणजे काय हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं. पायातून निघणारा किडा, पांढऱ्या दोऱ्यासारखा, हातभर लांब. उन्हाळा लागला की कोणाच्या घोट्यावर, कोणाच्या पोटरीवर फोड यायचा. नुसती आग व्हायची. फोड फुटला की आतून किड्याचं तोंड दिसायचं. घाईनं ओढला तर तुटतो आणि तुटला की आत पू होऊन माणूस खाटेला खिळतो. म्हणून तो तुरीच्या काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत काढावा लागतो, आणि त्या कामाला आत्याबाईसारखा हात पंचक्रोशीत नव्हता. एरवी बाई भांडी आपटणार, माझ्यावर खेकसणार, मेथी निवडता निवडता साऱ्या गावाचा उद्धार करणार. काडी हातात घेतली की मात्र तिचा आवाजसुद्धा बदलायचा. "माह्या राजा, सैल सोड पाय," असं ती सालदारालाही म्हणायची. मी एकदा बोलले, "मले नारू व्हाले पाह्यजे, म्हंजे मलेबी कोनी राजा म्हनन." तिनं मेथीची जुडी फेकून मारली.

आमचं गाव तेल्हाऱ्याच्या खालच्या अंगाला, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात. कुठंही विहीर खणा, खारंच लागणार. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुणा पहिला घोट घेतो आणि तांब्याकडे बघत राहतो. त्यात आमच्या गावाचं नशीब असं की नाल्याकाठी, आमच्या माळ्यांच्या वाडीला लागून एक पायऱ्यांची विहीर होती आणि तिचं पाणी गोड होतं. तिला सगळे गोडीच म्हणायचे. बाया पायऱ्या उतरून घोटे बुडतील एवढ्या पाण्यात उभ्या राहायच्या आणि घागर बुडवून भरायच्या. या विहिरीचा गावाला भारी तोरा होता. सोयरीक जुळवताना पोरीच्या रंगाआधी गोडीचा विषय निघायचा.

आत्याबाई नारूवाल्याला या गोडीतच बसवायची. खालच्या पायरीवर बसायचं, पाय पाण्यात सोडायचा. थंड पाण्यानं आग शांत व्हायची आणि थोड्या वेळानं किड्याच्या तोंडातून दुधासारखं पांढरं काहीतरी पाण्यात सुटायचं. मग किडा ढिला पडायचा, काडीवर सहज यायचा. ते पांढरं दिसलं की आत्याबाईचा चेहरा खुलायचा. "निघू दे, विख हाय ते, सारं निघू दे." पलीकडच्या पायरीवर आम्ही घागरी भरत असायचो. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

माझी नणंद वच्छला पूर्णेकडच्या एका गावात दिली होती. तिथं सगळ्या विहिरी खाऱ्या. पोरगी खारं पाणी पिऊन वाळून जाईल या धास्तीनं आत्याबाई दर आठवड्याला तिच्यासाठी गोडीची घागर पाठवायची. माझा नवरा सहदेव तिकडच्या बाजाराला वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन जायचा, त्याच बैलबंडीत तोंडाला फडकं बांधलेली घागर बसायची. भाजी एखादे वेळी राहील, घागर राहायची नाही. "सासरच्यायले देऊ नको, तू पे," असा निरोपही सोबत असायचा.

आणि एका उन्हाळ्यात वच्छलाच्याच गुडघ्यावर फोड आला. त्या गावाला नारूची माहिती नव्हती. तिची सासू दुर्गाबाई घाबरली आणि तिनं तो चिमटीत धरून ओढला. तुटला. पोरगी पुरी बरसात पडून राहिली, आणि उठली तेव्हा गुडघा आखडलेला होता. तेव्हापासून ती पाय लांब टाकूनच बसते. निंदणाला जाऊ शकत नाही.

आत्याबाईनं विहिणीला भर अंगणात शब्दांनी झोडपलं. "तुमच्या खाऱ्या पान्यानं माह्या पोरीले नारू केला अन् तुमच्या हातानं तिचा पाय घालवला." त्यानंतर त्या घरी जायची वेळ आली तर ती स्वतःचा तांब्या भरून न्यायची आणि चार माणसांत बसून तेच पाणी प्यायची. विहिणीनं पुढे केलेलं पाणी तसंच राहायचं. दुर्गाबाई ते उचलून आत न्यायची. इकडे घागर आता मोठी झाली होती, कारण आजारी पोरीला गोडं पाणी जास्त हवं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या एका उन्हाळ्यात केशवराव नावाचे डॉक्टर नागपूरहून आले. सरकारच्या आरोग्य खात्यानं त्यांना नारूचा शोध घ्यायला पाठवलं होतं. चावडीत उतरले, पितळी दुर्बिणीसारखं एक यंत्र टेबलावर मांडलं आणि गावोगाव हिंडून कुठं नारू आहे, कुठं नाही, ते विचारत सुटले. गोडीत कोणी उतरू नये, पायऱ्या भिंत घालून बुजवाव्यात, पाणी वरून दोरानं काढावं आणि दुहेरी फडक्यातून गाळून प्यावं, असं त्यांनी जानराव पाटलांना सांगितलं. पाटील हसले. "मनकर्णाबाईले इचारा. ते व्हय म्हनन त भिंत बांधतो."

डॉक्टर आमच्या अंगणात आले, तेव्हा पाटलांचा सालदार उत्तम पाय धरून बसला होता. आत्याबाईनं डॉक्टरांचं स्वागत आपल्या पद्धतीनं केलं. "गोडी बुजवाले आले ना तुमी? ज्याच्या पायात आग हाय त्याले इचारा आधी." डॉक्टर चिडले नाहीत. खाली बसले, तिचं काडी फिरवणं पाहत राहिले आणि म्हणाले, "मावशी, एवढा हलका हात मी दवाखान्यात पाहिला नाही. हे काम सोडू नका. फक्त आजच्या दिवस विहिरीऐवजी गंजात पाय बुडवू द्या." स्तुती कोणाला कडू लागते? गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी ओतलं, उत्तमनं पाय सोडला, पांढरं सुटलं. डॉक्टरांनी त्यातलं थेंबभर उचललं आणि आम्हाला चावडीत नेलं.

आधी आत्याबाईनं भिंगाला डोळा लावला, मग मी. त्या थेंबात बारीक शेपट्या वळवळत होत्या. इतक्या, की थेंबात पाणी कुठं आहे ते कळेना.

"हे विष नाही मावशी," डॉक्टर म्हणाले, "ही नारूची पिलं आहेत. विहिरीतली पाणपिसू ती खाते. ही पाहा, गोडीतलीच आहे." दुसऱ्या काचेवर एक इवलासा जीव होता आणि त्याच्या पोटात तसाच एक दोरा वेटोळं घालून बसला होता. "ही पिसू पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाते. आत किडा वाढायला वर्ष लागतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. यंदाच्या पाण्याचा नारू पुढच्या उन्हाळ्यात निघतो."

आत्याबाई उसळली. "खोटं! नारू खाऱ्या पान्यानं व्हते. माही पोरगी खाऱ्या गावात दिली, तिले झाला."

"मी त्या पट्ट्यात हिंडून आलो," डॉक्टर म्हणाले. "खाऱ्या विहिरी दोराच्या आहेत, त्यांत कोणी पाय घालत नाही. तिथं मला नारू सापडला नाही. तुमच्या मुलीच्या सासरी आणखी कोणाला झाला?"

"नाई. येकटी तिलेच."

"घरात सगळे एकच पाणी पितात ना?"

मी आत्याबाईकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घातली. मला घागर दिसली होती आणि तिलाही तीच दिसली होती. डॉक्टरांना घागरीचं काही ठाऊक नव्हतं. ते आपले पुढचं समजावत राहिले.

परत येताना ती वाटेत एवढंच म्हणाली, "सत्यभामे, हे घरात बोलशीन त पाह्य, जीभ हासडीन." तिचं हे बोलणं मी रोज ऐकत होते, पण त्या दिवशी त्यात जोर नव्हता. मला तिची फार दया आली. आईनं पोरीसाठी उचलून उचलून पाठवलं, त्यातच हे निघावं.

बाजाराच्या दिवशी सहदेवनं बंडी जुंपली, सवयीनं घागर ठेवली. आत्याबाई आली, तिनं घागर उचलली आणि वांग्याच्या वाफ्यात रिकामी केली. "आता पानी नाई जाईन," एवढंच म्हणाली. सहदेव माझ्याकडे पाहू लागला. मी बैलांकडे पाहिलं.

मग ती गोडीवर गेली आणि वरच्या पायरीवर आडवी बसली. आलेल्या बाईची घागर हिसकून घ्यायची, मोटेचा जुना दोर बांधून काठावरून पाणी काढायची, पदर दुहेरी करून गाळून द्यायची. कारण विचारलं तर शिव्या. पाटलीणबाई आली, तिलाही उतरू दिलं नाही. "पाटलीन असशीन तुह्या घरची. पाय नाई टाकू देत." दिवसभर उन्हात बसून तिचे हात दोरानं सोलून निघाले. चार दिवसांत पाटलांच्या घरून कटकट सुरू झाली, पाटलांना आपला शब्द आठवला आणि भिंतीचे दगड येऊन पडले. पायऱ्या बुजल्या. काठावर दोर ओढायची गडगडी बसली. नारूवाले आता आमच्या अंगणात गंजात पाय सोडून बसायचे आणि ते पाणी आत्याबाई विहिरीपासून लांब, शेताच्या तापलेल्या धुऱ्यावर, बांधावर, ओतायची.

इकडे वच्छलाचा निरोप आला. सहदेवनं तो तसाच्या तसा सांगितला: "आईले इचार, माहं काई चुकलं काय? पानी काहून बंद केलं?"

आत्याबाई भाकर थापत होती, थापतच राहिली. मी म्हणाले, "आत्याबाई, सांगून टाका. वच्छला समजते, आईनं टाकलं."

"डाक्टर चुकला असन त? पुढच्या उन्हायात पाहू."

पुढच्या उन्हाळ्यात नारू निघालेच. आधीच्या पाण्याचे होते ते, डॉक्टर तसं बोलूनही गेले होते. पण लोक भिंत पाडायच्या गोष्टी करू लागले. आत्याबाईनं सगळ्यांना गप्प केलं, "पोटात गेलं ते निघनच, भिंतीले काहून बोलता?" म्हणाली. रात्री मात्र मला म्हणाली, "पाह्य, निघाले ना. डाक्टरचं खरं कोठं हाय?" दोन तोंडांनी बोलणारी माझी सासू मी तेव्हाच पाहिली. वच्छला त्या वर्षी माहेरी आली नाही. घागर बंद झाल्याचा राग, मी समजू शकत होते.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाईनं तुरीच्या काड्या सोलून ठेवल्या. अंगणात कोणी आलं नाही. आंब्याला पाड लागला, तरी कोणी नाही. उत्तम आला तो वांग्याचं रोप मागायला, दोन्ही पायांवर खडखडीत चालत. ती त्याच्या पायांकडे पाहत राहिली. मग उठली, काड्यांचा जुडगा चुलीत घातला आणि म्हणाली, "सहदेवले सांग, उद्या बंडीत मी येतो. तूबी चाल."

बंडीत भाजी होती, आम्ही दोघी होतो, घागर नव्हती आणि तिचा तांब्याही नव्हता.

वच्छला ओसरीवर पाय लांब टाकून कापसातली सरकी वेचत बसली होती. आईला पाहून तिनं तोंड फिरवलं. दुर्गाबाई लगबगीनं बाहेर आली, "बसा इहीनबाई," म्हणाली आणि पदरानं ओसरी झटकू लागली.

"पानी द्या," आत्याबाई म्हणाली.

दुर्गाबाई गोंधळली. "आमचं खारं हाय."

"माईत हाय मले. द्या."

तांब्या आला. आत्याबाईनं तो उभ्यानं, तोंड वाकडं न करता, पूर्ण रिकामा केला. मग ओसरीवर बसली, वच्छलाच्या आखडलेल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. विहीर, पांढरं विख, पिसू, घागर. "इहीनबाई, तुमच्या पान्याचं नाव म्या सोयऱ्याधायऱ्यात खराब केलं. नारू तुमच्या पान्यात नोयता. माह्या घागरीत होता. म्याच पाठवला, वच्छले, दर बाजाराले पाठवला." आणि ती रडली. तिला रडताना मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं.

दुर्गाबाई खाली बसली. "ओढला त म्याच ना," ती म्हणाली. "तुमी झोडपलं तवा मले वाटे, बरोबरच झोडपून राह्यल्या. मले वाटलं होतं येकदाचं निघन, पोरीचं दुखनं सरन."

मला वाटलं वच्छला आता फाडफाड बोलेल. तेवढा हक्क तिचा होता. तिनं सरकीचं सूप बाजूला सारलं, आईचा वण आणि घट्टे पडलेला हात उलटा करून पाहिला आणि विचारलं, "हे कायचं?"

"दोराचं हाय. गोडीवर पानी काढलं."

"म्हंजे तू मले टाकलं नोयतं."

"टाकीन काय वो तुले?"

वच्छला भिंतीला धरून उठली. उठायला तिला वेळ लागतो. आम्ही तिघी पुढं झालो, तर तिनं हात झटकले. "आता तुमी दोघी रडल्यानं गुडघा वाकन काय? जेवाले बसा. डाय थंडी व्हते."

डाळ खाऱ्या पाण्यातली होती, अर्धी कच्ची. आत्याबाई मुकाट्यानं जेवली, आणि मधेच रिकामा तांब्या विहिणीकडे सरकवून तिनं आणखी पाणी मागितलं.