तिसरं मागणं

अद्भुत कथांची पुस्तकं मला कधी मजेची वाटलीच नाहीत. मी ती घाबरण्यासाठीच वाचायचे. आईबरोबर रत्नागिरीला गेलं की वाचनालयातून दोन आणायचे आणि परतीच्या एस.टी.तच सुरू करायचे. एका पुस्तकात पहिल्या पानावर नकाशा होता. डोंगर, नद्या, राजवाडे, सगळं नावानिशी. फक्त खालचा डावा कोपरा कोरा. अख्ख्या पुस्तकात तिकडे कोणी गेलंच नाही. राक्षस मेला, राजपुत्राचं लग्न लागलं, आणि माझं लक्ष आपलं त्या कोपऱ्यावर. दुसऱ्या एकात जादूगार माणसांच्या सावल्या पळवायचा. ते वाचल्यावर आठवडाभर मी अंगणात वाळत घातलेली आमसुलं परतताना आधी स्वतःची सावली बघून घ्यायचे. "एवढी घाबरतेस तर वाचतेस कशाला?" असं आई विचारायची.

पण हाय खाल्ली ती तीन मागण्यांच्या पुस्तकाची. त्यातली म्हातारी विहिरीपाशी जाऊन मागेल ते तिला मिळायचं, पण वाकडं मिळायचं. तिने सोबत मागितली, तर शेजारणीचं घर जळलं आणि शेजारीण हिच्याकडे राहायला आली. दुसऱ्या मागण्यानेही असाच घात केला. देणारा जणू वकील होता. शब्दांत जरा फट दिसली की तिथूनच शिरायचा.

मी तेव्हा सातवीत होते. बाबा मुंबईला एका छापखान्यात कामाला; गणपतीला आणि शिमग्याला यायचे. त्या वर्षी गणपतीनंतर ते निघून गेले, तेव्हा मी देव्हाऱ्यासमोर बसून म्हटलं होतं, "बाबांना कायमचं घरी आण." तीन मागण्यांचं पुस्तक त्यानंतर हाती आलं. ते परत करायच्या आधीच बाबा घरी आले. कायमचे. यंत्रात उजवा हात सापडून मधली तीन बोटं गेली होती.

कसं आण, हे मी सांगितलं नव्हतं. एवढी मोठी फट माझीच होती.

त्या दिवसापासून मी काहीही मागायचं सोडलं. देवळात हात जोडायचे, पण चुकून मनात काही येऊ नये म्हणून सतराचा पाढा म्हणायचे. बाबा नुसते खोकले तरी मी हातातलं टाकून त्यांना बघायला धावायचे. अजून काय न्यायचं बाकी असेल, याचा अंदाज घेत मी घरभर बघायचे. गाय, आजीची फुलपात्रं, आई. बाबा डाव्या हाताने भात कालवायला लागले की मला घास जात नसे. आईला वाटे, पोरीला अशक्तपणा आलाय.

मग शिमगा आला आणि ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात आली. आमच्याकडे पालखी दारी आली की वाडीतले एक म्हातारे काका घरासाठी गाऱ्हाणं घालतात, म्हणजे घरच्यांचं मागणं देवाला मोठ्याने सांगतात. बाकीचे "होय महाराजा" म्हणतात. आईने मला पुढे ढकललं. "सांग काकांना, परीक्षेसाठी मागायचंय."

सतराचा पाढा मला आठवेना. मी सगळ्यांदेखत भोकाड पसरलं.

"काय झाला गो बाय?" काकांनी विचारलं. मी हुंदके देत सगळं सांगून टाकलं. देव्हारा, मागणं, पुस्तकातली म्हातारी, बोटं. कोणी हसलं नाही. काकांनी फक्त विचारलं, "नक्की काय शब्द बोललीस?" मी सांगितले. ते पालखीकडे वळले. "महाराजा, लेकरू अजाण आहे. मागण्यात काय कमीजास्त झाला असेल तर तो पोटात घाल. शब्द धरू नको, मन धर."

"होय महाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बाबांचा होता. पुस्तकातल्या देणाऱ्याला असं कोणी कधी बजावलं नव्हतं. मला थोडं हलकं वाटलं, पण थोडंच.

पालखी पुढच्या घरी गेली. बाबा माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसले.

"तुझ्या त्या पुस्तकात म्हातारी तिसरा काय मागते?"

"पहिलं होतं तसं करून दे म्हणते."

मला आता थांबता येईना. खरी भीती मी काकांना सांगितलीच नव्हती. बोटं परत आली असती, तर बाबा बॅग भरून पुन्हा मुंबईला गेले असते. तिसरं मागणं काय करायचं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. देवासमोर मी पाढे म्हणत होते ते त्यासाठीच. ते मागायची माझी इच्छा नव्हती. हे मी त्यांना तसंच्या तसं सांगितलं आणि मान खाली घालून बसले.

पलीकडच्या अंगणातून ढोल ऐकू येत होता. मग अंगठा आणि करंगळी, एवढ्यांतच त्यांनी माझी वेणी धरून हळूच ओढली.

"मी पण बोटं परत नाय मागितली गो," ते म्हणाले.

आई आत पालखीच्या प्रसादाचे वाटे करत होती. तिला आम्ही दोघांनीही हे कधी सांगितलं नाही.