आधी उजेडात आणा

जागेच्या मालकाने डॉक्टरांना फसवलं. ‘हवी तितकी वर्षं राहा’ असा तोंडी शब्द दिला आणि लोणावळ्यातली त्यांच्या बाळांच्या दवाखान्याची जागा पर्यटकांना बंगले भाड्याने देणाऱ्या बुकिंगवाल्याला देऊन टाकली. मी भुशी धरणाच्या रस्त्यावर कणसं भाजत, घासाघीस करत वर आलेला माणूस. तोंडी शब्दाचं मोल मला ठाऊक आहे. डॉक्टरांना नव्हतं.

तान्हं बाळ आलं की ते दाराकडे बोट करत. “आधी उजेडात आणा.” मग तळहात घासून ऊब आणत आणि मगच बाळाला हात लावत.

माझा नातू जन्मून कुसगावात घरी आला तेव्हा बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीवर गोधडी टांगलेली होती. बाळ पिवळं दिसतंय असं मी म्हटल्यावर माझी थोरली बहीण खेकसली, “आरं, हळद लावून न्हाऊ घातलंय. पिवळं न्हाई तर काय निळं दिसंल?” सगळ्यांना पटलं. मग बाळ दूध ओढेना, नुसतं झोपून राहू लागलं.

दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला दारात उजेडात धरलं, कपाळावर बोट दाबून सोडलं आणि खालची कातडी पाहिली. “हळद नाही, भाऊ. कावीळ आहे. बऱ्याच बाळांना होते, पण हे दूध पीत नाही. रक्त तपासून दिव्याखाली ठेवू.”

“किती दिवस?”

“दोन-तीन.”

“एकात भागवा.”

“भाऊ, ही कणसं नाहीत.”

मी भडकलो. घरीच उन्हात धरतो म्हणालो. “ओरडा,” ते म्हणाले, “पण बाहेर जाऊन.”

निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या त्या जिवाच्या तळव्याला टिचकी मारत ते दूध पाजायला उठवत. “उठा साहेब, पंगत बसली.”

नातू बरा झाला, लेकीबरोबर परदेशी गेला. बायको आधीच वारलेली. संध्याकाळी मी दवाखान्यात चहाला जाऊ लागलो. डॉक्टरही एकटेच. आम्ही फारसं बोलत नसू. बाळ आलं की मी दार उघडून धरायचो.

दवाखान्याचं सामान टेम्पोत भरल्यावरच डॉक्टर जागा सोडताहेत हे मला कळलं. “मालकाशी मी भांडतो,” म्हणालो.

“नको, भाऊ. तुमच्या आवाजाने बाळं दचकतात.”

गेल्या रविवारी भाजे गावाहून बाळ घेऊन आलेलं एक जोडपं दवाखान्याच्या जागी थाटलेल्या त्या बुकिंगच्या काउंटरसमोर उभं होतं. “डाक्टर कुटं गेलं?” मी शाल बाजूला करून बाळ उजेडात आणलं. पोटापर्यंत पिवळं. त्यांना गाडीत घालून तळेगावच्या मोठ्या दवाखान्याकडे निघालो, तर पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला.

“आबा, पोचू ना वक्ताला?” ती पोर सारखी विचारत होती.

मालक, जागा तुम्ही काढून घेतलीत. तिला उत्तर तुम्ही द्या.