ठसका

भिवापूरहून नागपूरला इतिहासात एम.ए. करायला निघालो त्या सकाळी बाबा ओसरीवर माझ्या वळकटीला दोरी बांधत होते. गाठ मारता मारता म्हणाले, "शोभीलेही नेतं का गा संग? मावशीकडं राहान दोघं."

शोभा माझी धाकटी बहीण. नुकत्याच झालेल्या बारावीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, इतिहासाचं पुस्तक गोष्टीसारखं वाचायची. मावशीच्या रामदासपेठेतल्या घरात जागाही होती.

मी म्हटलं, "तिले नाही आवडत इतिहास, बाबा. काहून पाठवता?"

इतकंच. बाबांनी गाठ ओढली. शोभा आत माझ्यासाठी डब्यात तिखट भरत होती. तिनं ऐकलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. स्टँडवर डबा देताना म्हणाली, "पुस्तकांवर सांडू नको."

का बोललो मी तसं? शहरात एकटं, मोकळं राहायचं होतं बहुधा. नक्की सांगता येत नाही. पुढे तिचं लग्न गावातच झालं. मी प्राध्यापक झालो.

हल्ली दूरशिक्षणाच्या बी.ए.साठी मी इतिहासाचे ऑनलाइन कोर्स तयार करतो. रविवारी लाइव्ह तास असतो. 'स्नेहा' लिहिलेल्या एका काळ्या चौकोनातून सारखा ठसका ऐकू यायचा. मी बोलणं न थांबवता तो माईक बंद करायचो. मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या घरात वाढलो, पण तो ठसका कशाचा ते ओळखलं नाही.

परवा पदवी मिळालेल्यांचा सत्कार होता. यादी ऐनवेळी हातात आली. सातव्या नावाशी अडकलो. शोभा, सासरच्या आडनावासह. मागून टाळ्या वाजवत होती ती तिची सून, स्नेहा. तिच्याच फोनवरून शोभा तासाला बसायची.

माझ्या हातून फूल घेताना शोभा हळूच म्हणाली, "सर, तुम्ही माईकच बंद करून टाकत होते. मंग बोलू कशी?" मी हसलो. पायरी उतरताना ती वळली. "दादा, मले आवडते इतिहास, बरं का."

चिडवत होती? की तेव्हा ऐकलं होतं सगळं? तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. जाताना एवढंच म्हणाली, "घरी ये. देठ खुडाले हात कमी पडून राहिले."

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, हे तिच्याआधी तुम्हाला सांगतोय, हाही भित्रेपणाच. घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी रामदासपेठ म्हणायचो. आता तोंडातून तेही निघत नाही आणि भिवापूर म्हणायचा हक्क वाटत नाही.

या रविवारचा तास रद्द केलाय. जाईन. तिच्यासमोर मिरच्या घेऊन बसेन. बाबांना काय सांगितलं होतं ते बोलेन, की ठसका लागल्याचं निमित्त करून पाणी मागेन, माझा मलाच भरवसा नाही.