आबांच्या हसऱ्या सकाळी

मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार असं ठरलं, त्याच वर्षी आमच्या आबांचा मधुमेह बरा झाला. निदान आम्हाला तसं वाटलं. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, नई सडकेच्या मागच्या गल्लीत राहायचो. आबा सचिवालयात दप्तर सांभाळायच्या शाखेत होते, आणि ते सचिवालय आता नव्या राजधानीत, भोपाळला, हलणार होतं. सहा वर्षं ते इन्सुलिनवर होते, आणि घरात माझा हात सगळ्यांत स्थिर म्हणून काचेची सिरिंज उकळून रोज दोन वेळा सुई मीच टोचायची. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते. लघवी तपासायचं कामही माझ्याकडेच होतं. निळ्या औषधात आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. रंग विटकरी झाला तर साखर फार, निळाच राहिला तर नाही.

त्या उन्हाळ्यात नळी निळी राहू लागली. डॉक्टरांनी सुईची मात्रा कमी केली, मग आणखी कमी केली, आणि श्रावण लागायच्या आत बंदच करून टाकली. तरी नळी निळी. आई म्हणाली, हा माझ्या कारल्याच्या रसाचा गुण. आबा म्हणाले, भोपाळला जायची काळजी करणं सोडलं त्याचा. सहा वर्षांनी त्यांनी पुरणपोळी खाल्ली, चांगल्या दोन, तुपात बुडवून. दुसऱ्या दिवशी मी नळी घेऊन अंगणात धावत आले आणि आम्ही तिन्ही भावंडं तिच्याभोवती नाचलो.

आबा मूळचे गंभीर. त्यांच्या मोठ्याने हसण्याचा आवाज कसा असतो हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. आता ते उठल्याबरोबर, चहाच्या आधी, हसू लागले. एकदा कोट उलटा चढवून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि आईला वाकून मुजरा करून म्हणाले, "बाईसाहेब, सगळी खाती भोपाळला जातील, पण तुमचं खातं मी ग्वाल्हेरातच ठेवणार." आई लाजून लाल झाली. दुसऱ्या एका सकाळी त्यांनी तुळशीला दफ्तरी हिंदीत हजर होण्याचा हुकूम सोडला. न्याहारी झाली की पुन्हा आपले तेच गंभीर आबा. काय म्हणालात म्हणून विचारलं, तर त्यांना काहीच आठवत नसे. दुखणं गेल्याच्या आनंदात माणूस असाच होत असेल, असं आम्ही धरून चाललो. धाकटे दोघे तर आज आबा काय करतात ते बघायला लवकर उठून बसायचे.

मग ऑक्टोबरातली एकादशी आली. इतकी वर्षं त्यांना उपास बंद होता. आता बरं वाटतंय म्हणून त्यांनी तो हौसेनं धरला आणि काही न खाता कचेरीत गेले. तिथे त्या दिवशी भोपाळला जाणाऱ्या दप्तराची पहिली गाडी भरायची होती. साहेबांनी छोटंसं भाषण केलं, दोघातिघांचे डोळे भरून आले, आणि आमचे आबा फायलींच्या गठ्ठ्यावर चढून बसले. हा गठ्ठा आजपासून स्वतंत्र संस्थान आहे आणि विलीनीकरणाला आपली संमती नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आधी सगळे हसले. मग आबा घामानं चिंब झाले, जीभ जड झाली आणि ते तिथेच कलंडले. कुणीतरी त्यांच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. म्हाताऱ्या चपराशाला वाटलं ऊन लागलं. त्याने त्यांना उठवून साखरेचं सरबत घोटघोट पाजलं. दहा मिनिटांत आबा उठून बसले आणि गाडी भरून झाली का, असं विचारू लागले.

त्यांना टांग्यातून घरी आणणाऱ्या सहकाऱ्यानं आईला हे सगळं सांगितलं. ते ऐकताना माझं हसू पहिल्यांदाच थांबलं. सरबताने उतरते ती कसली धुंदी? मी तडक डॉक्टरांकडे गेले. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले, आबांना काही खाऊ दिलं नाही आणि खुर्ची टाकून समोर बसून राहिले. नऊच्या सुमारास आबांनी त्यांना राजदूत म्हणून संबोधलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी रक्त काढलं आणि मग शिरेतून ग्लुकोज दिलं. आबा बोलता बोलता वाक्याच्या मध्येच शुद्धीवर आले.

रक्ताचा निकाल आला त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं.

"बेटा, खरं सांग. तू अजून त्यांना सुई देतेस?"

माझे डोळे भरून आले. मी कपाट उघडून दाखवलं. उरलेल्या बाटल्यांची सीलंसुद्धा तुटलेली नव्हती. त्यांनी त्या एकेक करून उजेडात धरल्या आणि मग चष्मा काढून हसू लागले. त्यांनाही काही झालं की काय, असं मला वाटलं.

"मग त्यांचं शरीरच त्यांना देतंय," ते म्हणाले.

त्यांनी समजावलं ते असं: पोटात स्वादुपिंडावर कधी कधी एक बारीक गाठ होते, आणि ती वेळकाळ न बघता इन्सुलिन गाळत बसते; मग उपाशीपोटी रक्तातली साखर इतकी उतरते की माणूस प्यायल्यासारखा बरळतो. हे त्यांनी फक्त पुस्तकात वाचलं होतं. आणि ज्याला मधुमेह आहे त्यालाच ती व्हावी, असं तर पुस्तकातही नव्हतं. मधुमेह बरा झालाच नव्हता, गाठीच्या आड दडला होता. गाठ काढली की तो परत येईल. नाही काढली, तर एखाद्या सकाळी आबा हसायलाही उठणार नाहीत.

मुंबईचे मामा येऊन त्यांना ऑपरेशनसाठी घेऊन गेले. धाकटे आणि माझी परीक्षा, म्हणून आई मागे राहिली. आठवडा तारेची वाट बघण्यात गेला. एक दिवस दुपारी तारवाला आला. तार इंग्रजीत होती, तिचा अर्थ त्याने आधीच लावला होता, आणि चेहरा पाडून तो आईला म्हणाला, "माताजी, हिम्मत रखिए, साहब की शुगर फिर बढ़ गई है।"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी तार वाचली. भिजल्या हरभऱ्याएवढी गाठ निघाली होती, प्रकृती उत्तम होती, साखर वाढली होती. आई पायरीवरच बसली आणि इतकी हसली की तारवाला दोन पावलं मागे सरला. मग तिने त्याला थांबवून घेतलं, मला पेढे आणायला पिटाळलं आणि पहिला पेढा त्यालाच दिला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक घरी मी पेढे पोचवले. काय खुशखबर, असं जो तो विचारी, आणि मी सांगे, आमच्या आबांना मधुमेह झालाय.