वीस बोरचं काडतूस

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार निडीच्या हरीकाकांचे. आईवडील मजुरीला जायचे. काकांनी मला हात धरून रोह्याच्या कॉलेजात नेलं आणि पदवी होईपर्यंत आपल्या घरी जेवू घातलं. त्यांचा तुकाराम आणि मी एकाच भरतीत सैन्यात गेलो. तो इन्फन्ट्रीत, मी आर्मरर, म्हणजे शस्त्रं तपासून दुरुस्त करणारा. आता मी निवृत्त होऊन पेणला राहतो.

कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, नियम साधा होता. समोर जे शस्त्र, त्याचाच दारूगोळा जवळ. नळीवरचा आणि काडतुसाच्या बुडावरचा, दोन्ही शिक्के वाचायचे. मिसफायर झाला, म्हणजे चाप ओढूनही बार उडाला नाही, तर थांबायचं, शस्त्र रिकामं करायचं, नळीतून उजेड बघायचा.

नोकरीत असताना एका वर्षी भातकापणीला आम्ही दोघे रजेवर आलो होतो. शेतात डुकरं उतरत होती. काकांकडे शेतरक्षणाच्या परवान्याची बारा बोरची बंदूक होती. गावात राखणीची पाळी घरोघर फिरायची आणि तिच्याबरोबर काडतुसांची एक पिशवी. ज्याच्याकडे जे उरेल ते त्याने तिच्यात टाकायचं.

दिवस मावळताना काकांनी बंदूक भरून तुकारामच्या हातात दिली. मी पलीकडच्या बांधावर होतो. डुक्कर दिसलं. चाप ओढल्यावर नुसतं टक् झालं. तुकारामने बंदूक उघडली.

"बाबा, भरलीच नाय की तुमी."

"भरली व्हती रे."

"व्हय, व्हय. आधी चष्मा लावा, मग डुकरं मारा."

काका हसले. त्याने पिशवीतलं दुसरं काडतूस घातलं आणि चाप ओढला. नळी फुटली. रोह्याला पोचेपर्यंत तुकाराम गेला.

पंचनाम्याच्या वेळी मी नळी पाहिली. आत वीस बोरच्या काडतुसाचं पितळी बूड चिकटलं होतं. आकडा मोठा असला तरी हे काडतूस बारा बोरच्यापेक्षा बारीक असतं. बारा बोरच्या बंदुकीत ते जागेवर राहत नाही, पुढे सरकून नळीत अडकतं. मागून पाहिलं तर बंदूक रिकामी दिसते.

रजा संपली. निडी स्टेशनवर काकांनी विचारलं, "तू बंदुकीतला माणूस. मी भरली व्हती का नाय, येवढं सांग."

गाडी आली होती. "कळवतो काका," म्हणालो. युनिटमधून पत्र पाठवलं.

"ती. हरीकाकांस, सा. न.

तुम्ही बंदूक भरली होती. पिशवीत कुणाचं तरी वीस बोरचं काडतूस पडलं होतं, तेच तुमच्या हाताला लागलं. तुकारामचं काडतूस त्याच्या मागे बसलं, आणि पुढची वाट बंद असल्यानं नळी फुटली. नळीतून उजेड बघायला त्याला शिकवलं होतं, तुम्हाला कुणीच शिकवलं नव्हतं. वाचून त्रास होईल. पण तुम्ही विचारलंत, आणि तुमच्याशी खोटं बोलणं मला जमणार नाही.

ती पिशवी आता कुणाच्या घरी आहे ते बघा. मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका.

तुकाराम रजेवर असताना गेला, म्हणून इथल्या स्मारकावर त्याचं नाव येणार नाही. नव्या पोरांना मिसफायर शिकवताना मी आधी त्याचं नाव सांगतो. मग पोरं एकेक करून नळीतून उजेड बघतात.

तुमचा,
अनंत"