प्लास्टिकला पाजलेलं दूध

दुष्काळात चारा छावणीतून परत आणलेली आमची म्हैस गाभडली. दिवस भरायच्या आतच मेलेलं रेडकू टाकलं. असं गाभडवणारा एक रोग आहे, तो दुधातून माणसालाही होतो. पण नुसत्या उपासमारीनंही म्हैस गाभडते. आमच्या म्हशीचं नेमकं काय, हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. दूध सोसायटीनं चरवी दारातूनच परत पाठवली.

"रोग न्हाय म्हणता, तर दाखवा की," चेअरमन माझ्या वडिलांना, तात्यांना म्हणाले.

तात्या काय दाखवणार? म्हैस उमरग्याच्या बाजारात पडेल भावात विकली गेली.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे आजही ताठ मानेनं सांगते. पुण्याला प्रयोगशाळेत लागले आणि हाच रोग ओळखायचं काम मागून घेतलं.

प्रतिपिंडं म्हणजे जंतूला ओळखून धरणारी प्रथिनं. ती प्लास्टिकच्या पट्टीतल्या बारीक खळग्यांना चिकटवायची आणि वर तपासायचं दूध पातळ करून घालायचं. जंतू असला तर अडकतो. मग रंग आणणारी दुसरी प्रतिपिंडं त्याला धरतात, खळगा पिवळा होतो. चिकटवणं सोपं, प्लास्टिक प्रथिनाला आपणहून धरतं. घोळ तिथंच होता. निरोगी म्हशीच्या दुधालाही खळगा पिवळाच. कितीही धुवा.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आई नवं गाडगं ताकानं भरून ठेवत होती. आमच्याकडं कोऱ्या गाडग्यात थेट दूध ओतत नाहीत.

"आधी त्याचं पोट भरू दे," आई म्हणाली. "मग ते दूध ओढून घेत न्हाय."

मला तिथंच पट्टी आठवली. आमच्या प्लास्टिकचं पोट अर्धंच भरलं होतं; तपासायचं पातळ दूध थोडाच वेळ राहायचं, ते पुरत नव्हतं. उरलेल्या कोऱ्या जागेला रंगाची प्रतिपिंडं चिकटत होती, जंतू असो नसो.

प्रयोगशाळेतल्या साहेबांना सांगितलं तर हसले. "पट्टीला ताक पाजणार?"

"ताक नको, सर. साय काढलेल्या दुधाची भुकटी."

"पाजा. फक्त विरजण लावू नका."

भुकटी पाण्यात कालवून खळग्यांत भरली, मुरू दिली, धुतली. रोगी दुधाचा खळगा पिवळा झाला. निरोगी दुधाचा कोराच राहिला.

पुढं तात्यांची दुसरी म्हैस गाभडली आणि चरवी पुन्हा परत आली. या वेळी मी तिचं दूध पुण्याला नेलं, तपासलं, पुन्हा तपासलं. खळगा कोरा. गुरांच्या सरकारी डॉक्टरांनी रक्त तपासलं, तेही रोग नाही म्हणाले. तात्यांनी चेअरमनच्या टेबलावर पट्टी ठेवली.

"घ्या, दाखवलं."

म्हैस दावणीलाच राहिली. तिचं दूध सोसायटीत जाऊ लागलं.