माफी आणायला मोरसला

गिरजाबाईच्या सासरी गाय बांधत नसत. म्हशी होत्या, बैल होते, कोंबड्या तर थेट चुलीपर्यंत यायच्या. पण गाय नाही. अख्ख्या चिखलीत असं घर दुसरं नव्हतं. लग्न झालं त्या वर्षी मावळातून तिच्या वडिलांनी लेकीसाठी एक कालवड पाठवली, ती सासऱ्यानं वेशीवरूनच परत लावली. वासरांच्या गळ्यात पडून वाढलेली ती पोर परड्यात जाऊन पोटभर रडली. तेव्हा कुठे सासूनं कारण सांगितलं.

कारण जुनं होतं. सासऱ्याचे आजोबा तात्याबा आणि त्यांचा धाकटा भाऊ चिमाजी. एकदा मोरी नावाची घरची गाय कोवळ्या जोंधळ्यात शिरली. चिमाजीनं रागाच्या भरात नांगराचा फाळ फेकून मारला, तो वर्मी लागला आणि गाय जागीच मेली. गावानं प्रायश्चित्त सांगितलं: गळ्यात दावं बांधून, हंबरत, बारा गावं भीक मागायची. चिमाजी त्याआधीच पळाला आणि गिरमिट्या, म्हणजे करारावरचा मजूर, होऊन जहाजात बसला. जिथून मोरस साखर यायची त्या मोरस बेटावर, म्हणजे मॉरिशसला, ऊस तोडायला गेला. तात्याबांचं मन इतकं विटलं, की त्यांनी जन्मात पुन्हा नांगराला हात लावला नाही. चिमाजीच्या वंशातलं कुणी येऊन माफी मागेल तेव्हाच या गोठ्यात गाय येईल, असा नेमही त्यांनीच घातला.

तीस वर्षं गिरजाबाई वसुबारसेला शेजारच्या सावित्रीबाईच्या गाईला ओवाळत आली. मधल्या काळात रानं कारखान्यांत गेली, पोरगा पिंपरीला शिफ्टला जाऊ लागला, गावातले कितीतरी नेमधर्म आपोआप गळून पडले. हा मात्र गोचिडासारखा चिकटून राहिला.

आणि सत्त्याहत्तर साली सुरेंद्र नावाचा एक परदेशी पाहुणा गाव शोधत आला. त्याच्याकडे जुन्या सरकारी कागदाची नक्कल होती: चिमाजी, वय एकोणीस, मौजे चिखली, तालुका हवेली. हा चिमाजीचा पणतू. त्याची मराठी मोडकी, पण जीव लावणारी होती. जाताना तो गिरजाबाईच्या नवऱ्याला, भिवाला, म्हणाला, "काका, तुम्ही दोघं आमच्याकडे या. आमचं तिथलं मराठी मंडळ तिकीट पाठवील. आमच्या घरी गाई आहेत."

गाई म्हटल्यावर गिरजाबाईचा जीव तिथेच अडकला. भिवाच्या डोक्यात मात्र माफी होती; पाहुणा पोरसवदा, ती त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांनीच मागायची, म्हणून त्याच्यापुढे कुणी विषय काढला नव्हता. भावकीतले थोरले अण्णासाहेब त्याला बजावून म्हणाले, "माफी त्यांनी मागायची. तू आधी हात जोडू नगंस." पुढच्या वर्षी सामान भरलं, त्यात चिमाजीच्या वंशाची शुद्धी करायला म्हणून गोमूत्राची बाटली होती. तीही सावित्रीबाईकडून मागून आणलेली. ज्यांच्या घरी गाय नाही ते गोमूत्र घेऊन दुसऱ्यांना शुद्ध करायला निघाले, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मॉरिशसला पोचल्यावर गिरजाबाईनं पाण्याआधी गोठा विचारला. सुरेंद्रनं तिला उसाच्या कडेला, पत्र्याच्या एका बंद खोपटाशी नेलं. दाराला गोणपाट. आत काळोख. डोळे सरावले तेव्हा दोन गाई दिसल्या, गुबगुबीत, तुकतुकीत.

"ह्यांना चरायला कवा सोडता?"

"नाही सोडत. बाहेर चावऱ्या माश्या फार आहेत. गवत आम्हीच कापून आणतो."

"म्हंजी ऊन?"

"ही तर इथेच जन्मली, काकी. हिनं ऊन पाहिलेलं नाही."

गिरजाबाईला दारातच बसावं लागलं. गाय आहे आणि तिला ऊन नाही, ही गोष्ट तिच्या मनात मावेना. दुसऱ्या दिवशी त्यातली एक व्याली. आता खरवस मिळणार, म्हणून ती पातेलं धुऊन बसली, तर सुरेंद्रची आजी अंबुबाई पहिला चीक घेऊन ओढ्याकडे गेली आणि तिनं सगळा पाण्यात ओतला.

"आजी, चीक का वतला?"

"मोरीचा वाटा तो. आमच्या घरात पहिला चीक कुणी खात नाही."

मोरीचं नाव इथे, समुद्रापलीकडे, ऐकून गिरजाबाईच्या अंगावर काटा आला. भिवाला मात्र वाटलं, पापाची जाणीव आहे तर ह्यांना. तिसऱ्या दिवशी सगळे अंगणात बसलेले पाहून त्यानं टोपी सारखी केली, नारळ आणि बाटली पुढे ठेवली आणि घसा खाकरला.

"आजी, झालं गेलं गंगेला मिळालं. आमच्या मनात काय न्हाई. माफीचं तेवढं उरकून टाकू."

अंबुबाईचे डोळे भरून आले. तिनं दोन्ही हात पुढे केले. "फार उशीर केलात रे. माझे सासरे, चिमाजीबाबा, वाट बघत गेले. शेवटपर्यंत म्हणायचे, तात्याबाचं कुणीतरी येईल, माफी मागेल. आता त्यांचा जीव शांत होईल."

"आमी माफी मागायची? कशाची?" भिवानं विचारलं.

"मोरीची. तात्याबानं मारली ना ती."

मग अंबुबाईनं जसं तिच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं तसं सांगितलं. फाळ तात्याबानं फेकला. त्याची बायको दिवसांत होती, तो दावं बांधून गावोगाव फिरला असता तर घर बुडालं असतं. चिमाजी सडाफटिंग, म्हणाला, माझं नाव सांग. तात्याबानं शब्द दिला, वर्षभरात खरं सांगतो आणि तुला बोलावून घेतो. बारा वर्षांनी चिमाजीनं परतणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला. तात्याबानं त्या माणसाला ओळख दिली नाही.

"खोटं हाय," भिवा पुटपुटला.

गिरजाबाईच्या मनात एक प्रश्न आला. पाप भावाचं, तर तात्याबांनी नांगर का सोडला? तीस वर्षं ही गोष्ट ती ऐकत होती, घरच्या देवमाणसाची म्हणून ऐकत होती, आणि हा साधा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली. भिवानं बाटली उचलून पिशवीत टाकली. नारळ तसाच राहिला. उरलेले चार दिवस तो कुणाच्या नजरेला नजर देईना.

विमानात बसल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "घरी सांगू, त्यांनी माफी मागितली. तुला गाय पायजे ना?"

गिरजाबाई गप्प बसली. गाय हवी होती, म्हणून गप्प बसली.

पुढच्या शनिवारी चाकणच्या बाजारातून डांगी गाय आली, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. भावकी दारात जमली. अण्णासाहेब नवा फेटा बांधून आले. गिरजाबाई ताट घेऊन पुढे झाली, तशी गाईनं मान पुढे करून तिचं मनगट चाटलं. आयुष्यभर हेच मागितलं होतं. तिनं ताट खाली ठेवलं.

"माफी त्यांनी मागितली न्हाई," ती म्हणाली. "मागायची आपण हाय. मोरी आपल्या तात्याबांनी मारली."

अण्णासाहेब भिवाकडे वळले. "भिवा, ही काय बोलतीया? खरं हाय?"

भिवानं गाईकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्हय."

अण्णासाहेब चप्पल घालून निघाले, त्यांच्यामागे सगळे गेले. वाटायला आणलेल्या गुळाला कुणी हात लावला नाही. गाय उन्हात उभी होती. गिरजाबाईनं तिला पाणी दाखवलं आणि ती उंबऱ्यावर येऊन बसली. ह्यांनी आता मारलं तरी चालेल, असं तिच्या मनात आलं.

भिवानं सुनेला, पद्माला, कागद घेऊन बोलावलं. "मोरसला पत्र लिही. मोरी आमच्या तात्याबानं मारली, चिमाजीबाबा निर्दोष होते, हे आज भावकीपुढं सांगितलं. आमाला माफ करा."

पद्मानं लिहिलं आणि विचारलं, "सांगितलं कुणी, ते लिहू का?"

"तुझ्या सासूनं," भिवा म्हणाला. "माझी जीभ उचलली न्हाई, ते बी लिही."